मातीच्या स्मरणातले तापमान

हवामानाच्या यांत्रिक नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या आहेत. त्यापूर्वीच्या हजारो वर्षांच्या उष्णतेची आणि कोरडेपणाची साक्ष मातीतल्या जीवाणूंनी व पानांवरच्या मेणाने मागे ठेवली आहे. मराठवाड्यातून वाहून गेलेल्या मातीचीही अशी एक साक्ष समुद्रतळाशी जपलेली आहे.

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणेशाच्या देवस्थानासाठी परिचित आहे. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील या परिसरात मृगाची पहिली मोठी सर कोसळली की उतारावरच्या शेतांतून गढूळ पाण्याचे लोट ओढ्याला येऊन मिळतात. हे पाणी बिंदुसरा-सिंदफणेच्या वाटेने जावो की मांजरेच्या, अखेरीस ते गोदावरीचेच होते. पाण्याबरोबर निघालेल्या मातीचे पुढे काय होते, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. धरणे बांधली जाण्यापूर्वी हजारो वर्षे मराठवाड्याची माती अशीच वाहत आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेली आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी थरावर थर साचत राहिली.

ही माती म्हणजे केवळ खडकाचा भुगा नव्हता. तिच्यात पानांवरचा मेणचट लेप होता, मुळांचे अवशेष होते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंच्या शरीरातील स्निग्ध पदार्थही होते. यांपैकी काही रेणू इतके चिवट असतात की ते हजारो, क्वचित कोट्यवधी वर्षे टिकतात. त्यांनाच ‘रेणवीय जीवाश्म’ म्हणतात. त्यांच्या रचनेत ते ज्या काळात तयार झाले, त्या काळाच्या तापमानाची आणि पर्जन्याची खूण उमटलेली असते. ती वाचण्याचे शास्त्र गेल्या पाव शतकात बरेच पुढे गेले आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. १९७२, २०१२-१३, २०१५-१६ अशा दुष्काळांनी बीड जिल्ह्याला वेळोवेळी होरपळून काढले. प्रत्येक दुष्काळानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. हे पूर्वापार असेच चालत आले आहे, की आता काही नवे घडते आहे? भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. म्हणजे देशातील सलग व पद्धतशीर नोंदींचे वय सुमारे दीडशे वर्षे भरते. मान्सूनचे चढउतार मात्र शतकांच्या आणि सहस्रकांच्या मापाने होतात. दीडशे वर्षांच्या आकड्यांवरून ‘नेहमीचे’ काय हे ठरविणे म्हणजे एका हंगामाच्या पिकावरून जमिनीचा कस ठरविण्यासारखे आहे.

न कुजणारे अवशेष

जीवाश्म म्हटले की हाडे, शंख, दगडात उमटलेली पाने डोळ्यांसमोर येतात. तथापि बहुतेक सजीव मेल्यानंतर असा कोणताही आकार मागे राहत नाही. प्रथिने आणि साखरेसारखे पदार्थ जीवाणू लवकर फस्त करतात, जनुकीय द्रव्याचेही तुकडे होतात. त्या मानाने स्निग्ध पदार्थ अधिक काळ तग धरतात आणि त्यांतही काहींची बांधणी विशेष भक्कम असते.

घरातील खाद्यतेलाच्या रेणूत ग्लिसरॉल आणि लांब साखळ्यांची आम्ले ‘एस्टर’ नावाच्या बंधाने जोडलेली असतात. हा बंध पाण्याच्या व विकरांच्या सान्निध्यात तुलनेने सहज तुटतो. काही सूक्ष्मजीव मात्र आपल्या पेशीच्या आवरणात ‘इथर’ प्रकारचा बंध वापरतात. तो सहजासहजी तुटत नाही. लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा त्यामागे क्षारप्रिय आर्किया असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले होते. आर्किया हा जीवाणूंहून निराळा सूक्ष्मजीवांचा गट असून इथर बंधाची आवरणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. मातीत राहणारे काही जीवाणूही याच धाटणीचे रेणू बनवितात, ही गोष्ट २००० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रथम वर्णन केली. जमिनीचे प्राचीन तापमान वाचण्याचा मार्ग त्यातूनच खुला झाला.

खोबरेल तेल आणि जीवाणूचे आवरण

हा तापमापक चालतो कसा, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातील एक साधा अनुभव पुरेसा आहे. कडाक्याच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते. शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते. खोबरेल तेलातील साखळ्या सरळ असल्याने त्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात. शेंगदाणा तेलातील साखळ्यांना मध्येच बाक असल्याने त्यांची रचना सैल राहते आणि तेल लवकर गोठत नाही.

जीवाणूच्या पेशीभोवतीचे आवरणही स्निग्ध रेणूंचेच असते. ते फार घट्ट झाले तर पेशीची देवाणघेवाण थांबते, फार पातळ झाले तर पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात. हवा गार झाली की जीवाणूला आवरण सैल ठेवावे लागते, तापली की घट्ट करावे लागते. मातीतील हे जीवाणू ही कसरत साखळीला फुटणाऱ्या लहान लहान शाखांच्या साह्याने करतात. कार्बनच्या एकाच अणूच्या या शाखेला ‘मिथाइल’ शाखा म्हणतात. प्रत्येक रेणूवर अशा चार, पाच किंवा सहा शाखा असतात. शाखा अधिक असतील तर साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात आणि आवरण थंडीतही लवचिक राहते. उष्ण प्रदेशातील मातीत चार शाखांचे रेणू अधिक आढळतात, तर थंड प्रदेशातील मातीत पाच आणि सहा शाखांचे प्रमाण वाढते.

म्हणजे मातीच्या नमुन्यातील चार, पाच आणि सहा शाखांच्या रेणूंचे परस्पर प्रमाण मोजले, तर त्या मातीने कोणते तापमान अनुभवले याचा अंदाज बांधता येतो. जीवाणू मरतो, पण त्याच्या आवरणाचे रेणू मातीत राहतात. माती वाहून तलावाच्या किंवा समुद्राच्या तळाशी गेली की तेथील थरांत ते गाडले जातात. जितका थर खोल, तितका काळ जुना.

प्रयोगशाळेतील काम चिकाटीचे असते. गाळ शून्याखालील तापमानात गोठवून कोरडा केला जातो, कुटला जातो आणि द्रावकांच्या साह्याने त्यातील स्निग्ध अंश विलग केला जातो. मग द्रवाला एका अरुंद नळीतून पाठवून रेणू वेगळे केले जातात व मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात त्यांचे वजन पाहिले जाते. चार, पाच आणि सहा शाखांचे मूळ रेणू या यंत्रात अनुक्रमे १०२२, १०३६ आणि १०५० या आकड्यांवर दिसतात. प्रत्येक वाढीव शाखेमागे १४ ची भर, असा हा हिशेब आहे.

प्रमाणाला अंश कसे चिकटतात?

रेणूंचे प्रमाण हाती आले, तरी त्याचे अंशांत रूपांतर करण्यासाठी एक सूत्र लागते. ते मिळविण्याचा मार्ग सरळ आहे. ज्या ठिकाणचे आजचे तापमान ठाऊक आहे, तेथील माती तपासायची आणि दोहोंचे नाते बसवायचे. २००७ मध्ये योहान वायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील १३४ माती नमुन्यांच्या आधारे असे पहिले नाते मांडले. त्याच वर्षी त्यांनी आफ्रिकेतील काँगो नदीच्या मुखाबाहेरील गाळाला ते लावून पाहिले. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या अखेरीस, मध्य आफ्रिकेचे सरासरी तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअस होते आणि पुढे ते हळूहळू २५ अंशांपर्यंत चढले, असा निष्कर्ष निघाला. समुद्राच्या पाण्याचे प्राचीन तापमान काढण्याच्या पद्धती त्यापूर्वीही होत्या. एका महानदीच्या संपूर्ण खोऱ्यातील जमिनीचे तापमान समुद्रतळाच्या गाळावरून काढता येते, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

हे रेणू नेमके कोणते जीवाणू बनवितात, हे मात्र बराच काळ गूढच होते. ‘अ‍ॅसिडोबॅक्टेरिया’ या गटाकडे संशयाची सुई होती. २०२२ च्या सुमारास या गटातील एका जीवाणूची प्रयोगशाळेत वाढ करून तो हे रेणू खरोखरच तयार करतो आणि तापमान बदलले की शाखांचे प्रमाणही बदलतो, हे सिद्ध झाले.

काळ्या कातळाची दूरची नोंद

या पद्धतीचा एक अलीकडचा उपयोग थेट महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे. लिंबागणेशच्या शेतांखाली जो काळा कातळ आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा आहे. याच सुमारास, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉर नामशेष झाले. त्यांच्या विनाशाला अशनी जबाबदार, की दख्खनचे ज्वालामुखी, हा वाद कित्येक दशके चालू आहे.

ज्वालामुखींमुळे हवामान किती बदलले, हे दख्खनच्या कातळावरून सांगणे अवघड आहे. तप्त लाव्ह्यात असे नाजूक रेणू टिकत नाहीत. म्हणून संशोधकांनी दूरची नोंद शोधली. दलदलीत न कुजता साचलेल्या वनस्पतींच्या थराला ‘पीट’ म्हणतात. कोळसा बनण्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी होय. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अंतर्भागात त्या काळातील पीटचे थर जपलेले आहेत. लॉरेन ओकॉनर आणि सहकाऱ्यांनी त्यांतील जीवाणूंचे रेणू तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशनी आदळण्याच्या सुमारे ३० हजार वर्षे आधी जमिनीचे तापमान सुमारे ५ अंशांनी घसरले होते. ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या गंधकयुक्त वायूंनी सूर्यप्रकाश अडविल्याचा तो परिणाम असावा. ही घसरण काही हजार वर्षांत भरून निघाली आणि अशनी आदळला तेव्हा तापमान पूर्ववत झालेले होते. त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडमुळे सुमारे ३ अंशांची संथ वाढही दिसली. थोडक्यात, ज्वालामुखींनी हवामान हलविले खरे, परंतु अंतिम घाव त्यांचा नसावा, या मताला जीवाणूंच्या या साक्षीने बळ मिळाले.

जेथे तापमापक संपतो

कोट्यवधी वर्षांपूर्वीचे तापमान सांगता येत असेल, तर लिंबागणेशचे पाच हजार वर्षांपूर्वीचे तापमान सांगणे सोपे असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

मातीसाठी २०१४ मध्ये मांडलेल्या व पुढे बरेच वापरल्या गेलेल्या एका सूत्रात चार शाखांच्या रेणूंचा वाटा ० ते १ या मापाने मोजतात. त्याला ३१.४५ ने गुणून त्यातून ८.५७ वजा केले की वार्षिक सरासरी तापमान मिळते. वाटा ०.९ असेल तर उत्तर सुमारे १९.७ अंश येते. पण वाटा १ च्या पुढे जाऊ शकत नाही. सर्वच्या सर्व रेणू चार शाखांचे झाले की उत्तर सुमारे २२.९ अंश येते आणि तेथेच मापाची पट्टी संपते. मराठवाड्याचे वार्षिक सरासरी तापमान तर पंचविशीच्या घरात आहे. म्हणजे जेथे उष्णतेचा प्रश्न सर्वांत तीव्र, तेथेच हा तापमापक काठोकाठ भरून मुका होतो. काळी कसदार माती अल्कधर्मी असते आणि कोरड्या, अल्कधर्मी मातीत शाखा व तापमान यांचे नाते आणखी सैल पडते. शिवाय एकंदर सूत्रातच पाचेक अंशांची चूक गृहीत धरावी लागते. एकाच ठिकाणच्या थराथरांतील फरक पाहताना ती कमी त्रासदायक ठरते, हे खरे. पण तळपत्या प्रदेशात एखाद्या अंशाचा बदल पकडण्याचे हे साधन नव्हे. पीटसाठीचे २०१७ चे सूत्र २९ अंशांपर्यंत पोहोचते, परंतु बालाघाटच्या पठारावर पीट नाही.

दुसरी अडचण जागेची आहे. शेतातील माती ही नोंदवही म्हणून फारशी उपयोगाची नाही. नांगरट, मुळे, गांडुळे आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन यांमुळे वरचा थर खाली व खालचा वर होतो. शांत, न ढवळणारा, सलग साचणारा गाळ हवा असेल तर तलाव किंवा समुद्र गाठावा लागतो.

मराठी मुलखात असा एक तलाव आहे, तो म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार. बेसॉल्ट खडकातील या अशनीविवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचा सुमारे १० मीटरचा स्तंभ भारतीय व जर्मन संशोधकांनी काढला. त्यात गेल्या सुमारे ११ हजार वर्षांची नोंद आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन प्रदीर्घ कोरडे कालखंड दिसून आले. पहिला आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. सरोवरात मात्र आणखी एक पेच असतो. चार ते सहा शाखांचे रेणू मातीतून वाहून येतात, तसे ते पाण्यात व तळातही तयार होतात. कोणता रेणू जमिनीचा आणि कोणता पाण्याचा हे वेगळे केल्याशिवाय मिळालेल्या अंशांवर विश्वास ठेवता येत नाही.

ज्वारीच्या पानावरचे मेण

जीवाणूंचा तापमापक जेथे थांबतो, तेथे वनस्पतींचे रेणू मदतीला येतात. ज्वारीच्या ताटावर पांढुरकी भुकटी असते, बोट फिरविले की ती पुसली जाते. ते मेण आहे. पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून जवळजवळ प्रत्येक वनस्पती असा लेप तयार करते. पान गळते, कुजते, पण मेणातील लांब साखळ्यांचे रेणू मातीत राहतात.

या मेणावरून वनस्पती कोणत्या गटातील होती हे कळते. वृक्ष, झुडपे, गहू, हरभरा, तूर, कापूस ही मंडळी कार्बन एका पद्धतीने शोषतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते दुसऱ्या पद्धतीने. दुसरी पद्धत उष्ण व कोरड्या परिस्थितीत पाणी जपून वापरणारी आहे. या दोन्ही गटांच्या शरीरात कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण वेगवेगळे असते. दुसऱ्या गटात ते अधिक भरते. त्यामुळे गाळातील मेणाचा कार्बन तपासला की त्या काळी खोऱ्यात झाडी अधिक होती की गवताळ माळ, हे समजते. हे अंशांतील तापमान नव्हे. पण उष्णता आणि पाऊस यांच्या एकत्रित परिणामाने जमिनीवर काय उगवू शकत होते, याची ती नोंद आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची.

गोदावरीच्या बाबतीत ही नोंद उपलब्ध आहे. २००६ मध्ये भारताने समुद्रतळातील वायू-हायड्रेटचा शोध घेण्यासाठी खोदकामाची एक मोहीम राबविली. गोदावरीच्या मुखाबाहेर सव्वा हजार मीटरहून अधिक खोल पाण्याखालून त्या वेळी गाळाचे जे स्तंभ काढले गेले, त्यांपैकी एकाच्या वरच्या सुमारे साडेआठ मीटरमध्ये गेल्या ११ हजार वर्षांचा इतिहास सापडला. गाळातील सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांवरून रेडिओकार्बन पद्धतीने थरांचे वय ठरविण्यात आले. कॅमिलो पोंटन, लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या स्तंभातील मेणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि त्यानंतर ते तसेच टिकून राहिले, असे त्यात आढळले.

या आकड्यांना मराठी माणसाच्या परिचयाचा संदर्भ आहे. प्रवरेकाठी जोर्वे आणि दायमाबाद येथे नांदलेल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहती याच वाढत्या कोरडेपणाच्या काळातील होत. भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ पासून डेक्कन कॉलेजने अनेक वर्षे केले. तेथील वसाहत इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ओस पडली. पर्जन्यमान घटल्याने शेती मोडकळीस आली असावी, असे मत डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले होते. लोणारचा गाळ आणि गोदावरीचे मेण ही त्यानंतर मिळालेली स्वतंत्र साक्ष आहे. तिच्यामुळे त्या मताचा निकाल लागत नाही, पण ज्या पार्श्वभूमीवर ते मांडले गेले, ती पार्श्वभूमी अधिक ठळक होते.

माती किती गेली?

याच स्तंभाने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. २०१७ मध्ये जिओसान आणि सहकाऱ्यांनी त्याच गाळावरून गोदावरीच्या खोऱ्यातील धुपेचा इतिहास मांडला. पाऊस घटला म्हणजे माती कमी वाहून जाईल, असा आपला समज असतो. घडले उलटे. मान्सून क्षीण होत गेला तशी धूप वाढत गेली. झाडी विरळ झाल्यावर जमीन उघडी पडते आणि मग वर्षातून मोजक्याच दिवशी कोसळणारा पाऊस अधिक माती नेतो. पुढे दख्खनवर शेती आली, लोहयुगात ती विस्तारली, तेव्हा या धुपेत आणखी भर पडली. निसर्गाने सुरू केलेल्या कामाला माणसाचा हातभार लागला.

गाळातील कार्बनच्या वयावरूनही याला दुजोरा मिळतो. अलीकडच्या सहस्रकांतील थरांत जमिनीवरून आलेला कार्बन थराच्या वयापेक्षा जुना भरतो. याचा अर्थ केवळ वरची ताजी माती नव्हे, तर खोलवरची, शतकानुशतके साठलेली मातीही उकरली जाऊन वाहत गेली. २०१८ मध्ये गोदावरी खोऱ्यातील माती व नदीगाळ यांचा समुद्रातील स्तंभाशी मेळ घालणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोल माती आणि कोसळणारे नदीकाठ हे या जुन्या कार्बनचे संभाव्य उगम असल्याचे त्यात म्हटले आहे. वरच्या खोऱ्यातील, म्हणजे महाराष्ट्राकडील गाळात कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींची खूण अधिक ठळक असल्याचेही त्यात दिसले.

यामुळे नोंद वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. समुद्रतळी पोहोचलेला रेणू वाटेत किती काळ थांबला होता, हे पाहिल्याशिवाय त्याची साक्ष कोणत्या काळाची, हे ठरत नाही. शिवाय गोदावरीचे खोरे तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. समुद्रातील एका थरात नाशिकपासून बस्तरपर्यंतची माती मिसळलेली असते. त्यातून एकट्या लिंबागणेशचा इतिहास वेगळा काढता येत नाही. जे मिळते ते साऱ्या खोऱ्याचे सरासरी चित्र होय.

कोरडेपणा जुना, वेग नवा

या साऱ्यातून मूळ प्रश्नाचे उत्तर दोन भागांत मिळते. मराठवाड्याचा कोरडेपणा हा कालपरवाचा नाही. कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींनी या खोऱ्यात किमान सतराशे वर्षे ठाण मांडले आहे. ज्वारी-बाजरीचे पीक, पाणी जपून वापरण्याची रीत आणि बीडजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर ही या कोरड्या मुलखाशी माणसाने केलेली तडजोड आहे. दुष्काळ हा अपवाद मानून आखलेली पीकपद्धती या इतिहासाशी विसंगत ठरते.

उत्तराचा दुसरा भाग वेगाचा आहे. मध्य आफ्रिकेच्या जमिनीचे तापमान ४ अंशांनी वाढायला हजारो वर्षे लागली. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढले, असे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. गाळाचा एकेक थर अनेक वर्षांची सरासरी देतो, त्यामुळे प्राचीन काळातील अल्पकालीन उसळ्या त्यात पुसल्या जाऊ शकतात. ही मर्यादा लक्षात घेऊनही, शतकभरातील एवढी सर्वव्यापी वाढ ‘पूर्वीही असेच होते’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

आणि माती? समुद्रतळाशी वाचायला मिळालेला प्रत्येक थर ही कोणाच्या तरी शेतातून गेलेली माती आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. पुढे माजलगाव आणि मांजरा ही धरणेही झाली. मराठवाड्यातून निघालेला बराचसा गाळ आता समुद्राऐवजी या जलाशयांत साचतो. समुद्रातील नोंदवहीत आजच्या काळाची नोंद त्यामुळे पुसट होत चालली आहे आणि धरणांची साठवणही घटते आहे. धूप मात्र थांबलेली नाही. पाऊस किती पडावा आणि ऊन किती तापावे, हे लिंबागणेशच्या हाती नाही. बांध धरला, उतारावर गवत राखले, ओढ्यावर बंधारा घातला, तर माती किती जावी, हे मात्र बऱ्याच अंशी गावाच्या हाती आहे. समुद्रतळाच्या साडेआठ मीटर गाळातून चार हजार वर्षांनंतर हाती आलेला सर्वांत व्यवहारी निष्कर्ष हाच आहे.